पंधरा वाढदिवसांची पुडकी

मालू,

परवा शिशुगृहात तुझी शोकसभा झाली. टेबलावर तुझा फोटो ठेवला होता, आधार कार्डावरचा मोठा करून आणलेला. त्यात तू कुणावर तरी चिडल्यासारखी दिसतेस. दुसरा फोटोच सापडला नाही. अठ्ठावीस वर्षं तू त्या घरातली पोरं सांभाळलीस. शेकडो फोटोंत तुझे हात आहेत, खांदा आहे, पदर आहे, पण चेहरा कुठेच नाही. सगळे म्हणाले, मॅडम, तुम्हीच बोला, तुमची नि तिची जोडी होती. मी बोलले. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई मी, बोलायला कधी अडत नाही. बायकांनी डोळे पुसले, अध्यक्षांनी मान हलवली. घरी आल्यावर मला माझीच शिसारी आली. बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पण तुला जे सांगायचं होतं, ते चहा-बिस्किटांच्या आधी उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. आता सांगते.

तू मला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणालीस आणि मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू'. वयाने तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी परदेशी पालक आले की दुभाषी म्हणून यायची, तू पोरं आंघोळीला घालायचीस. कुणी काय म्हणायचं, हे आपल्यासाठी आधीच ठरलेलं होतं. ते बदलावं असं मला कधी सुचलं नाही. आता सुचतंय, तर समोर तू नाहीस.

पल्लवी आली तो दिवस तान्ह्या पोळ्याचा. बाहेर रस्त्यावर पोरं लाकडी बैल ओढत होती आणि पोलीस तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. तोच दिवस संस्थेने तिचा वाढदिवस धरला. साडेतीन वर्षं ती तुझ्या कडेवरून उतरली नाही. मग अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात इटलीहून एलेना आणि तिचा नवरा तिला न्यायला आले. कागद सगळे झाले होते, फक्त पासपोर्ट अडला होता. अकरा दिवस लागतील म्हणाले. तेवढ्या दिवसांत पोरीला नव्या आईबापांची सवय व्हावी म्हणून रोज त्यांच्यासोबत गाडीतून फिरायचं, तू सोबत जायचं, आणि कोण काय बोलतंय ते सांगायला मी, असं ठरलं.

एलेनाने पहिल्याच दिवशी विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? अमरावतीला माणसं लग्नाला येतात, परीक्षेला येतात, कोर्टाच्या तारखेला येतात. बघायला कोण येतं? तू म्हणालीस, "अंबादेवी दाखवू, चिखलदरा दाखवू, गिला वडा खाऊ घालू. अन् मंग मायं अकोट दाखवू." मी म्हटलं, अकोटात काय दाखवणार, कापसाचे ढीग? "हो मंग," म्हणालीस. "त्याईच्याइकडे हायेत काय?"

पहिल्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर तू मधे बसलीस आणि पल्लवी तुझ्या मांडीवर. एलेना खिडकीशी अंग चोरून. तिसऱ्या दिवशी तू पोरीचे पाय एलेनाच्या मांडीवर ठेवलेस, डोकं तुझ्याकडे. पाचव्या दिवशी डोकं तिकडे गेलं. आठव्या दिवशी तू मुकाट्याने पुढचं दार उघडलंस आणि गाडीवाल्याशेजारी जाऊन बसलीस. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. कितीतरी पोरांच्या वेळी तू हेच केलं होतंस, रोज वीतभर मागे सरकत. त्या दिवशी तू पूर्ण वाट एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस.

एलेनाकडे एक यादी होती. तिकडे दत्तक आईबापांना सांगतात म्हणे, की मुलाच्या गावाहून दर वाढदिवसाची एक वस्तू घेऊन ठेवा. चौथ्यापासून अठराव्यापर्यंत पंधरा. तुला हे सांगितलं तेव्हा तू आधी हसलीस. मग रस्त्यातच थांबलीस. "म्हंजे मी मेली तरी तिले दर वर्साले इथलं काही भेटत राहीन?" हो, म्हटलं. त्या क्षणापासून यादी एलेनाची राहिलीच नाही, तुझी झाली.

चौथ्यासाठी लाकडी बैल, चाकांचा. मी म्हटलं, मुलीला बैल कशाला. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी विषय सोडला. पाचव्यासाठी पितळी भातुकली. पंधराव्यासाठी तोरड्या, सोळाव्यासाठी खण. आणि अठराव्यासाठी बांगड्या. इतवारा बाजारात कासार म्हणाला, "पोरीचा हात दाखवा." तू पल्लवीला पुढे केलंस आणि म्हणालीस, "आताचं नोको, अठरा वर्साची झाल्यावरचं माप द्या." तो हसायला लागला. तू तिची चार बोटं एकत्र दाबलीस, अंगठ्याचं हाड चाचपलंस, तिची मनगटं उलटी-सुलटी करून पाहिलीस आणि ठाम सांगितलंस, "सव्वादोन. हाड बारीक हाय, याच्या वर जात नाही." एलेनाचा नवरा हे सगळं वहीत लिहून घेत होता. त्याने मला विचारलं, ही बाई डॉक्टर आहे का? मी तुला तेवढं मात्र बरोबर सांगितलं. किती खूश झाली होतीस!

अकोटच्या जिनिंगमधून तू ओंजळभर कापूस आणलास. मी म्हटलं, सरकीसकट बाहेरदेशी नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतील. भांडलीस माझ्याशी. मग हॉटेलच्या खोलीत खाली बसून सगळी सरकी काढलीस, मांडीवर वाती वळल्यास, दर वाढदिवसाच्या वस्तूचं वेगळं पुडकं बांधलंस आणि प्रत्येकात पाच-पाच वाती ठेवल्यास. "वाढदिवसाले तिले ओवाळजा म्हना." एलेनाने माझ्याकडून ओवाळायचं कसं ते तीन वेळा शिकून घेतलं. पुडक्यांवर आकडे तू घातलेस, ४ पासून. एलेनाने चौथं पुडकं हातात घेऊन विचारलं, हे आठव्या वर्षाचं ना? तेव्हा तुला कळलं, की आपला चार त्यांच्याकडे आठासारखा दिसतो. तोंडावर पदर घेऊन हसलीस. मग मी शेजारी इंग्रजी आकडे घातले.

इथपर्यंतचं सगळं तुला ठाऊक आहे. मी सांगत बसलेय, कारण पुढचं सांगायची हिंमत गोळा करतेय.

सहाव्या दिवशी आपण चिखलदऱ्याला गेलो होतो. दरीच्या कठड्याशी आपण तिघी उभ्या होतो. एलेनाचा नवरा पल्लवीला खांद्यावर घेऊन माकडं दाखवत होता. एलेना तुझ्याकडे बघत माझ्याशी बोलली. तिचं इंग्रजी माझ्या आठवीच्या पोरींइतकंच होतं, पण गोंधळ होण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती म्हणाली, मालूला विचारा, ती आमच्यासोबत नागपूरच्या विमानतळापर्यंत येईल का. आणि विचारा, आम्ही तिला दर वर्षी पत्र आणि फोटो पाठवले तर चालेल का. पल्लवीने तिला ओळखत मोठं व्हावं असं मला वाटतं. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

तू मला विचारलंस, "काय म्हनून राहिली वो थे?"

मी म्हटलं, "म्हणतेय, डोंगर फार सुंदर आहे."

"डोंगर पाहून डोयात पानी येते काय तिच्या?"

"येतं," मी म्हटलं. "त्यांच्याकडे येतं."

आणि एलेनाकडे वळून मी इंग्रजीत सांगितलं, मालू म्हणते, नको. मुलीने तिला विसरावं, हेच बरं.

एलेनाने तुझ्या खांद्यावर हात ठेवला. डोंगर आवडला म्हणून ठेवला असं तुला वाटलं. तूही तिचा हात थोपटलास. मी मधे उभी होते.

काहून केलं असं, विचारशील. त्याच्या दोन वर्षं आधी एक पोरगा असाच बाहेरदेशी गेला होता, तेव्हा तू चार दिवस अन्नाला शिवली नव्हतीस. डॉक्टर आणावा लागला होता. मला वाटलं, जे तुटायचं ते एकदाच तुटू दे, दर वर्षी फोटो येऊन खपली निघायला नको. तुझ्या भल्यासाठी केलं. आपल्याकडे दुसऱ्याचं भलं आपणच ठरवतो, त्याला विचारायची पद्धत नाही. आणि विचारायचं तरी कुणाला, पोरं सांभाळणाऱ्या मावशीला? हे एक कारण. दुसरं कारण मी आजवर स्वतःलाही धड सांगितलेलं नाही. मला तुझ्या रडण्याचा कंटाळा आला होता, मालू. तुझ्यापाशी बसून राहायचा कंटाळा आला होता. घे, सांगितलं.

परतीच्या वाटेवर तू आणि मी वाद घातला, आठवतं? मी म्हणत होते, पोरं विसरतात, आणि विसरतात तेच बरं असतं. तू म्हणालीस, "चार वर्साची होती मी, मायी माय गेली तवा. तोंड आठवत नाही मले तिचं. पन डोक्याले तेल लावतानी तिचे बोटं कसे फिरेत, थे मले आताबी समजते." मी म्हटलं, ते तुझ्या मनाचे खेळ. तू बाहेर बघत राहिलीस. हा वाद आपण पुढे अकरा वर्षं घातला आणि दर वेळी शेवटचा शब्द माझा असायचा, कारण माझं बोलणं जास्त सफाईचं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तू मला बाजूला घेतलंस. "मॅडम, मले नागपूरलोक येऊ देतीन काय वो? मी काही रडनार नाही. मांगच्या सीटवर बी नाही बसत. लेक सासरी जाते तं वेशीलोक तं जातेच ना मानूस." मी म्हटलं, नागपूरपर्यंत येणं नियमात बसत नाही. नियम वगैरे काही नव्हता. ज्या बाईची गाडी होती, तिने स्वतः तुला बोलावलं होतं.

सकाळी तू फाटकात नव्हतीस. मला बरंच वाटलं, म्हटलं शहाणपण आलं. नागपूरच्या वाटेवर गाडी मोझरीजवळ आली आणि तिथल्या गुरुकुंज आश्रमाच्या स्टँडवर तू उभी दिसलीस. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. पहिली एसटी पकडून आली असशील. गाडीवाल्याने तुला माझ्याआधी ओळखलं. "मॅडम, मालूबाई होय ना थे? थांबवू काय?"

मागे एलेना पल्लवीवर वाकलेली होती. पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. एलेनाने तुला पाहिलं नाही.

मी म्हटलं, नको, उशीर होईल.

विमानाला पाच तास होते.

दुसऱ्या दिवशी तू कामावर आलीस. कुठे होतीस म्हणून विचारलं तर म्हणालीस, "गुरुकुंजात गेलती, दर्शनाले." बाटल्या उकळायला ठेवल्यास. मग पाठमोरीच म्हणालीस, "गाडी लय जोरात होती." एवढंच. तू काचेतून मला पाहिलंस का, हे मी कधी विचारलं नाही. पिशवीत काय होतं, तेही नाही.

त्यानंतरच्या वर्षांत तू माझ्यासाठी जे केलंस ते आठवलं की मला अन्न गोड लागत नाही. माझे यजमान गेले तेव्हा नातेवाईक तेराव्याला जेवून पांगले. तू मात्र दोन महिने रोज ड्युटी संपवून यायचीस, ज्वारीची भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून. सांत्वन वगैरे काही नाही. "उठा, खा," एवढंच म्हणायचीस आणि मी खाईपर्यंत बसून राहायचीस. एकदाही कंटाळली नाहीस. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते, की ही कधी कंटाळते.

आणि दर तान्ह्या पोळ्याला तू सकाळीच माझ्या दारात. "आज काय निंघालं असन वो मॅडम?" मी डायरी उघडायची, तेव्हा उतरवून घेतलेली यादी वाचायची. या वर्षी पाटी. या वर्षी मण्यांची माळ. तू पायरीवर बसून ते ऐकायचीस आणि मग सगळं रंगवून सांगायचीस. आता तिने गाठ सोडली असन, आता वाती हातात घेतल्या असतीन, आता तिची माय ओवाळत असन. पहिली दोन वर्षं संस्थेकडे अहवाल आले, त्यातले फोटो मी तुला दाखवले. मग नियमाप्रमाणे तेही थांबले. तुला घरच्या पत्त्यावर कुणी लिहीना, याबद्दल तू एकदाही तक्रार केली नाहीस. म्हणायचीस, "त्याईले कुठं टाइम असते." तुला वाटायचं, त्यांना कधी सुचलंच नाही.

मागच्या महिन्यात तुला अकोल्याच्या दवाखान्यात हलवल्याचं तुझ्या भाचीने, संगीताने कळवलं, तेव्हा मी ठरवून निघाले. आज सांगायचंच. मूर्तिजापूरपर्यंत वाक्यं जुळवत होते. तू खाटेवर एवढीशी झाली होतीस. मला बघून म्हणालीस, "औंदा पोयाले पंधरा पुरे होतीन तिले. तोरड्या निंघतीन." मी म्हटलं, हो. "पायात होतीन ना?" होतील, म्हटलं, मापाच्याच घेतल्यात तू. मग तू डोळे मिटलेस आणि मी तासभर तुझा हात धरून बसले. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्याकडेच बघत होती, म्हणून सांगता आलं नाही, असं मी एसटीत बसल्यावर स्वतःला सांगितलं. आठ दिवसांनी तू गेलीस.

अकोटहून तुला पोचवून आल्यावर मी संस्थेच्या जुन्या फायलीतून ई-मेलचा पत्ता शोधला आणि एलेनाला सगळं लिहिलं. दरीचं, नियमाचं, मोझरीचं. काही ठेवलं नाही. चौथ्या दिवशी उत्तर आलं.

तिने रागाचा एक शब्दही लिहिलेला नाही, म्हणून वाचणं जास्त अवघड गेलं. पल्लवी नऊ वर्षांची झाली तेव्हा पुडकं सोडताना तिने विचारलं, ह्या वस्तू कुणी निवडल्या? एलेनाने तुझ्याबद्दल सांगितलं. तुझं नाव, तुझं मांडीवर वाती वळणं, सगळं. पोरगी म्हणाली, मी तिला पत्र लिहू? तेव्हा एलेनाने तिला खरं काय ते सांगितलं. म्हणजे मी जे खरं म्हणून दिलं होतं ते. 'मालूची इच्छा होती, की तू तिला विसरावंस.'

पल्लवीने ते पुडकं पुन्हा बांधलं, आणि त्यानंतर एकही उघडलं नाही. दहावं, अकरावं, बारावं, तेरावं, चौदावं. सगळी कपाटात वरती आहेत. वाढदिवसाला ती केक कापते, पण ओवाळून घेत नाही.

मालू, त्या पाचही वर्षी तू माझ्या पायरीवर बसून मला तिचा वाढदिवस सांगत होतीस. मी मान हलवत होते.

एलेनाने माझं पत्र पल्लवीला वाचायला दिलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, मला जायचंय. यंदा डिसेंबरात तिघं येतायत. तिला अकोटला संगीताकडे जायचंय, तुझं घर बघायचंय, पाळण्यांची खोली बघायचीय, मोझरीच्या स्टँडवर उतरायचंय. पत्राच्या शेवटी एलेनाने अवघडून लिहिलंय, की मुलीची एक अट आहे. त्या मॅडम सोबत नकोत.

मी लगेच कळवलं, मान्य आहे. दुभाषी म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा नंबर दिला. तिचं इंग्रजी चांगलं आहे आणि ती घरात वऱ्हाडीच बोलते. तिला फोन करून बजावलं, समोरचं माणूस बोलेल तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही, आणि कुणाचं भलं बघायला जायचं नाही. ती म्हणाली, एवढं काय त्यात मॅडम, सोपंच तर आहे.

फोन ठेवला. यावर तू काय म्हणाली असतीस, ते माझ्या ओठांवर आलं होतं, अगदी तुझ्या आवाजात, 'मॅडम' सकट. मनात नुसतं म्हणून टाकलं असतं तरी मला आज झोप लागली असती. पण तुझ्या नावावर मी एक वाक्य खपवलेलं आहे, मालू. दुसरं नाही खपवणार.

तू मला माफ केलं असतंस की नाही, मला माहीत नाही.